विजेचा फोटो घरात बसूनच काढावा

वळवाचा हंगाम आला की आमच्या वडगाव निंबाळकर परिसरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर विजांचे फोटो आणि व्हिडिओ फिरू लागतात. कुणी गच्चीवर जाऊन काढलेला असतो, कुणी उसाच्या बांधावरून, कुणी नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर उभे राहून. खाली अंगठे, ‘एक नंबर भावा’, ‘सुब्हानअल्लाह’ अशा प्रतिक्रिया येतात. फोटो खरोखरच चांगले असतात. आपल्या भागातली सपाट जमीन, नीरेपलीकडे फलटणच्या बाजूला मोकळे दिसणारे आभाळ आणि दुपारनंतर चढत जाणारे ढग, हे सगळे विजेच्या फोटोला पोषक आहे. आपल्या तरुणांनी आभाळाकडे पाहावे, कॅमेरा शिकावा, यात मला आनंदच आहे.

माझी हरकत फक्त त्या गच्चीला, त्या बांधाला आणि त्या भरावाला आहे. आणि ही हरकत मी केवळ वडीलकीच्या काळजीने घेत नाही. विजेचे छायाचित्रण ज्याने थोडे समजून घेतले आहे, त्याला एक गोष्ट लवकर कळते. या कामात माणसाने उघड्यावर उभे राहण्याने फोटो अजिबात सुधारत नाही. बहुतेक वेळा तो बिघडतो. म्हणजे जो धोका पत्करला जातो, तो पूर्णपणे वाया जातो. हेच आज तंत्राच्या अंगाने सांगायचे आहे.

बोटाचे काम नाही

आधी वीज किती वेळ चमकते ते पाहू. डोळ्यांना जी एक वीज दिसते, ती बहुतेक वेळा एक नसते. ढगातून जमिनीपर्यंत एक वाट तयार होते आणि त्याच वाटेने तीन-चार किंवा त्याहून अधिक झटके लागोपाठ जातात. दोन झटक्यांमधले अंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. प्रत्येक झटक्याचा मुख्य लखलखाट तर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळाचा. आता माणसाचे पाहा. डोळ्याने पाहिले, मेंदूला कळले आणि बोटाने बटण दाबले, एवढ्यालाच सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. त्यानंतर कॅमेरा किंवा मोबाईल स्वतःचा वेळ घेतो तो वेगळाच. वीज दिसल्यावर बटण दाबून वीज सापडली, तर तो योगायोग समजावा.

त्यामुळे जाणकार छायाचित्रकार वीज दिसण्याची वाट पाहून बटण दाबतच नाहीत. ते आधीच शटर उघडून बसतात. ही भाल्याने करायची शिकार नाही, जाळे टाकून बसायची मासेमारी आहे. रात्री कॅमेऱ्याचे शटर पंधरा-वीस सेकंद उघडे ठेवायचे. त्या वेळात समोर वीज चमकली तर ती आपोआप उमटते. नाही चमकली तर तो फोटो काळा जातो आणि लगेच दुसरा सुरू होतो. शंभर फोटोंत पाच-सात विजा मिळाल्या तरी रात्र सार्थकी लागली म्हणायची.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. हे काम यंत्राचे आहे. बोटाचे त्यात काम नाही आणि बोट नको असेल, तर बोटाचा मालकही कॅमेऱ्याशेजारी उभा असण्याची गरज नाही.

लागणारे सामान

‘महागडा कॅमेरा असल्याशिवाय हे जमत नाही’ असा एक समज आहे. आपल्या गावात लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाकडेही असणारा साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा पुरेसा आहे. लेन्सही कॅमेऱ्याबरोबर येते तीच, १८ मिलिमीटरच्या बाजूला ठेवलेली, चालते. आभाळाचा मोठा भाग चौकटीत यावा एवढीच तिच्याकडून अपेक्षा. मात्र ट्रायपॉड हवाच, कारण वीस सेकंद हातात धरलेला कॅमेरा स्थिर राहणे अशक्य आहे. ट्रायपॉडवर कॅमेरा लावला की लेन्समधली हालचाल सावरणारी सोय बंद करावी, नाहीतर तीच फोटो हलवते.

फोकस स्वयंचलित ठेवू नये. अंधारात कॅमेरा चाचपडत राहतो. दूरचा एखादा दिवा धरावा. सोमेश्वरनगरच्या साखर कारखान्याचे दिवे किंवा मोबाईल टॉवरवरचा लाल दिवा चालेल. त्यावर फोकस नेमका करावा, मग तो मॅन्युअलवर ठेवून लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी लावून टाकावी. आयएसओ १०० किंवा २००. ॲपर्चर एफ ८ पासून सुरुवात करावी. वीज फार लांब असेल तर एफ ५.६, जवळ असेल तर एफ ११. फोटो ‘रॉ’ स्वरूपात साठवावेत, म्हणजे नंतर उजेड-अंधार सावरता येतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण नवशिक्यांचा गोंधळ याच ठिकाणी होतो. विजेची रेषा किती उजळ उमटेल हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात, शटरचा वेळ नाही. वीज क्षणात चमकून गेली. त्यानंतर शटर पाच सेकंद उघडे राहिले काय आणि वीस सेकंद राहिले काय, त्या रेषेत फरक पडत नाही. शटरचा वेळ फक्त आजूबाजूचे ठरवतो. जमीन, झाडे, घरे, ढगांचा रंग किती दिसावा ते त्याच्यावर. म्हणून वीज पांढरीफटक येत असेल तर ॲपर्चर लहान करावे, आणि गावाचे दिवे डोळ्यांवर येत असतील तर शटरचा वेळ कमी करावा. प्रत्यक्षात विजेची वाट काही सेंटिमीटर जाडीचीच असते. फोटोत ती मनगटाएवढी दिसते, ती प्रकाश जास्त झाल्यामुळे.

आणखी एक सोय बंद करायची आहे. लांब वेळेच्या फोटोतले दाणे कमी करण्यासाठी बऱ्याच कॅमेऱ्यांत एक सुविधा असते. ती सुरू असेल तर वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद आतल्या आत काम करत बसतो. नेमकी त्याच वेळी सर्वांत सुंदर वीज पडते, हा सर्वांचा अनुभव आहे.

आणि आता या सगळ्या सामानातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची वस्तू, जी यादीत शेवटी लिहिली जाते. ती म्हणजे वेळ लावून देता येणारा रिमोट, ज्याला इंटर्व्हलोमीटर म्हणतात. आजकाल बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय आतच असते. एकदा लावून दिले की कॅमेरा एकामागून एक फोटो काढत राहतो आणि तुम्ही आत निघून जाता. नवी लेन्स घेण्यासाठी पैसे साठवणाऱ्या मुलांना मी सांगतो, आधी हे घ्या.

दिवसाच्या विजेचे गणित वेगळे आहे. उजेडात शटर वीस सेकंद उघडे ठेवले तर सगळा फोटो पांढरा होईल. त्यासाठी लेन्सवर काळसर एनडी फिल्टर लावतात, किंवा ‘लाइटनिंग ट्रिगर’ नावाचे छोटे यंत्र वापरतात. विजेचा पहिला प्रकाश जाणवताच ते काही सहस्रांश सेकंदांत शटर उडवते. पहिला झटका निसटला तरी त्याच वाटेने येणारे पुढचे झटके सापडतात. वीज एकाच झटक्याची असेल तर मात्र ट्रिगरही बऱ्याचदा हरतो. यंत्राची ही गत, तर माणसाच्या बोटाची काय कथा?

मोबाईलवाल्यांसाठी

बहुतेकांकडे मोबाईलच असतो, म्हणून त्याचेही सांगतो. ज्या फोनमध्ये ‘प्रो’ मोड आहे, त्यात आयएसओ ५० किंवा १००, शटर दहा सेकंद आणि फोकस अनंतावर ठेवावा. फोन स्टँडवर लावावा आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवावा, म्हणजे स्पर्शाने तो हलत नाही. प्रो मोड नसेल तर सरळ व्हिडिओ सुरू करून ठेवावा आणि नंतर त्यातली चमकेची चौकट फोटो म्हणून वेगळी काढावी. त्याआधी पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि प्रकाश पक्के करावेत.

व्हिडिओतून काढलेल्या अशा चौकटीत कधी अर्धा फोटो लख्ख आणि अर्धा काळा दिसतो. फोन बिघडलेला नसतो. फोनचा सेन्सर चित्र एकदम न टिपता वरून खाली ओळीओळीने टिपतो आणि त्याचे अर्धे काम झालेले असताना वीज चमकते. वीज सेन्सरपेक्षाही वेगवान आहे, याचा हा पुरावाच.

एक मात्र लक्षात ठेवावे. मोबाईलमुळे अंगावर वीज ओढली जाते, हे खरे नाही. हातातला फोन विजेला बोलावत नाही. पण चार्जरला लावलेला फोन घरातल्या वायरिंगशी जोडलेला असतो आणि जवळ पडलेली वीज त्या वायरीतून आत येऊ शकते. म्हणून वादळात चार्जिंग करत फोटो काढू नयेत. आणि गच्चीवर फोन हातात धरलेल्या माणसाला धोका असतो तो फोनमुळे नाही, गच्चीमुळे.

जवळची वीज चांगली दिसत नाही

‘अगदी डोक्यावरची वीज टिपली’ असे अभिमानाने सांगितले जाते. फोटोच्या दृष्टीने डोक्यावरची वीज सर्वांत निरुपयोगी. ती चौकटीत मावत नाही, प्रकाशाने सगळे पांढरे होते, पाऊस लेन्सवर येतो आणि पावसाच्या पडद्याआड विजेची वाट झाकली जाते. उत्तम फोटो मिळतो तो पंधरा-वीस किलोमीटर लांबच्या ढगाचा, आपल्याकडे पाऊस नसताना. तेव्हा ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंतची पूर्ण रेषा, तिच्या फांद्या आणि खालचा मुलूख एका चौकटीत येतो. फलटणच्या बाजूला कडाडणारी वीज वडगावातून जशी दिसते, तशी ती फलटणकरांना दिसत नाही.

अंतर मोजायला यंत्र लागत नाही. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. जेवढे उत्तर येईल तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला की आपण विजेच्या टप्प्यात आहोत असे समजून पक्क्या घरात जायचे आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. पाऊस पडत नाही म्हणजे वीज पडणार नाही, असे नसते. पावसाच्या धारेपासून दहा किलोमीटरहून लांब, जवळजवळ निरभ्र आभाळाखालीही वीज पडल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. म्हणून लांबच्या विजेचा फोटोसुद्धा घरातूनच काढायचा.

व्यवस्था अशी करावी. ढग चढताना दिसले की, गडगडाट सुरू होण्याआधीच, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून खोलीत खिडकीपाशी ठेवावा. खोलीतला दिवा बंद करावा, नाहीतर काचेत आपलेच प्रतिबिंब येते. लेन्स काचेला अगदी जवळ न्यावी आणि भोवती काळे कापड गुंडाळावे. फोटोंची मालिका सुरू करून द्यावी आणि आपण लोखंडी गज, नळ, टीव्ही-फ्रिजच्या वायरी यांपासून दूर, खोलीच्या आत बसावे. पक्क्या छताची बंद चारचाकी हीसुद्धा चांगली जागा आहे. तिथे वाचवते ते गाडीचे धातूचे कवच. टायरच्या रबराचा त्यात हात नाही. त्यामुळे मोटारसायकल किंवा उघडा ट्रॅक्टर काहीच कामाचा नाही. कॅमेरा बाहेर ओट्यावर ठेवला असेल आणि वादळ जवळ आले, तर तो आणायला जाऊ नये. भिजलेला कॅमेरा दुरुस्त होतो.

११ जुलै २०२१ ची संध्याकाळ अनेकांना आठवत असेल. जयपूरच्या आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी मनोऱ्यावर पावसाची मजा पाहायला आणि सेल्फी काढायला लोक चढले होते. तिथे वीज पडली आणि अकरा जणांचा जीव गेला. उंचावरची उघडी जागा, पाऊस आणि हातात कॅमेरा, हे सगळे आपल्याकडच्या कोणत्याही गच्चीवर, कोणत्याही गडावर जसेच्या तसे जमून येते.

यावर कुणी म्हणेल, ‘मौत लिहिलेली असेल तर घरातही येते.’ खरे आहे. पण आधी उंट बांधायचा आणि मग अल्लाहवर भरोसा ठेवायचा, ही शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. उंट मोकळा सोडून तकदीरचे नाव घेणे म्हणजे तवक्कुल नव्हे.

भीती आणि आशा

कुरआनमधल्या तेराव्या सूरहचे नावच ‘अर-रअद’, म्हणजे गडगडाट. त्यात विजेचा उल्लेख भीती आणि आशा या दोन्हींसह येतो. शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. मे महिन्यात चमकणारी वीज त्याला पावसाची आशा दाखवते आणि गोठ्यातल्या गाईची काळजीही लावते. आपल्या जुन्या लोकांनी भीती तेवढी सांभाळली. वीज चमकली की दादी आरशावर कापड टाकायची, भांडी पालथी घालायची. पायाळू माणसावर वीज पडते, हा समज तर हिंदू-मुसलमान सगळ्यांच्याच घरात. अशा माणसाला पावसात सोबत घेत नसत. बिचाऱ्याचा दोष एवढाच, की जन्मताना त्याचे पाय आधी आले. वीज कुणाचे जन्मवृत्त पाहत नाही. ती उंची पाहते आणि मोकळ्या शेतात उभा माणूस हाच तिथला उंचवटा असतो.

नव्या पिढीने हे समज टाकून दिले, हे चांगलेच झाले. पण त्यांच्याबरोबर भीतीही टाकून दिली आणि हाती उरले फक्त सौंदर्य. मला वाटते, कॅमेरा नीट वापरला तर तो या दोन्ही टोकांच्या मधली वाट दाखवतो. भीती राहते, पण ती आरशाची नसते, अंतराची असते. सेकंद मोजता येणारी भीती माणसाला शहाणे करते.

कॅमेऱ्याने हे काम पूर्वीही केले आहे. १८८२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात विल्यम जेनिंग्ज यांनी विजेचा फोटो काढला. तो विजेच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी मानला जातो. चित्रकार काढतात तशी वीज करवतीच्या दात्यांसारखी नसते, झाडाच्या मुळांसारखी फांद्यांची असते, हे त्यातून लोकांना दिसले. आपल्याकडे डीपीवरच्या धोक्याच्या पाटीवर वीज अजून दातेरीच आहे, तो भाग वेगळा. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ सी. व्ही. बॉईज यांनी फिरत्या लेन्सचा कॅमेरा बनवला. १९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत शॉनलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पद्धतीच्या कॅमेऱ्याने टिपून दाखवले की वीज एका झेपेत खाली येत नाही. ती टप्प्याटप्प्याने वाट शोधत उतरते आणि वाट जुळली की लखलखाट होतो. वीज कुठे पडण्याची शक्यता जास्त, वीजरोधक कुठे लावावा, याची समज अशा निरीक्षणांनी वाढत गेली.

ज्यांना आत जाता येत नाही

फोटो काढणाऱ्याला एक मोठी मोकळीक असते. त्याला घरात जाता येते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत भारतात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक लोक वीज पडून मरतात. त्यांत शेतात आणि रानात काम करणारेच जास्त असतात. आपल्या भागात ते कोण, हे सांगायला नको. मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडणारे बीड आणि अहिल्यानगरकडचे मजूर, ज्यांचे घर म्हणजे पाचटाची कोपी. मेंढरे घेऊन माळावर उतरलेले धनगर कुटुंब. संध्याकाळची धार काढायला गोठ्याकडे निघालेली बाई. कोपी, उघडी पत्र्याची शेड, बाभळीचा आडोसा यांतले काहीही विजेपासून वाचवत नाही. झाडावर पडलेली वीज जमिनीत पसरते. पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असलेल्या जनावरांना तिचा फटका जास्त बसतो. म्हणून एका झाडाखाली दाटलेली मेंढरे एकदम जातात.

अशा वेळीही एक फोटो काढला जातो. तलाठी पंचनाम्याला येतात आणि मेलेल्या जनावराचा, करपलेल्या झाडाचा फोटो कागदांना जोडला जातो. माणूस गेला तर शवविच्छेदनाचा अहवाल लागतो आणि महाराष्ट्रात वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळण्याची तरतूद आहे. गावात एकाच संध्याकाळी हे दोन्ही फोटो निघू शकतात. पहिला स्टेटसवर जातो, दुसरा फाईलमध्ये. पहिल्या फोटोमुळे दुसरा टळावा, असे काही आपल्याला करता येईल का?

मला वाटते, येईल. विजेचा नाद लागलेला माणूस गावात सर्वांत आधी आभाळाकडे पाहतो. ढग कुठे चढले, कोणत्या बाजूला सरकत आहेत, हे त्याला इतरांच्या आधी कळते. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोफत ॲप त्याच्या फोनमध्ये असायलाच हवे. विजेतून निघणाऱ्या रेडिओ लहरी सेन्सरांच्या जाळ्याने पकडून वीज कुठे पडली ते दाखवणारे आणि आपल्या भोवतीच्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिसरासाठी इशारा देणारे हे ॲप आहे. फोटोसाठी कॅमेरा कोणत्या खिडकीत लावावा हेही त्यावरून ठरवता येते. पण माळावरच्या मेंढपाळापर्यंत आणि उसाच्या फडापर्यंत ते ॲप पोहोचेलच असे नाही. तिथे पोहोचतो तो आवाज.

म्हणून दोन सूचना करतो. पहिली फोटो टाकणाऱ्यांसाठी. फोटोखाली तीन गोष्टी लिहा: किती वाजता, कोणत्या दिशेला आणि चमकेनंतर किती सेकंदांनी गडगडाट ऐकू आला. ‘सायंकाळी सहा दहा, दक्षिणेला, चाळीस सेकंद’ एवढे लिहिले तरी गावाला कळते, की वीज तेरा किलोमीटरवर आहे आणि आता आवराआवर करायला हवी. मागच्या वर्षीचा फोटो आजचा म्हणून टाकू नका. आणि दहा फोटोंतल्या दहा विजा एकावर एक रचून एक चित्र केले असेल, तर तसे स्पष्ट लिहा. असे चित्र करण्यात गैर काही नाही, ते एक मान्य तंत्र आहे. पण न सांगता टाकले की पाहणाऱ्याला वाटते, गावावर एकाच क्षणी दहा विजा कोसळल्या. खोट्या फोटोने एकदा विश्वास गेला की खऱ्या इशाऱ्याकडेही कुणी पाहत नाही.

दुसरी सूचना गावासाठी. आपल्याकडे मशिदीवर भोंगा आहे, मंदिरावर आहे, ग्रामपंचायतीकडेही ध्वनिक्षेपक असतो. भोंग्यांवरून महाराष्ट्रात पुरेसे वाद झाले. त्याच भोंग्यांवरून वळवाच्या दिवसांत एक वाक्य सांगायला काय हरकत आहे: वीज दहा किलोमीटरच्या आत आली आहे, झाडाखाली थांबू नका, जवळच्या पक्क्या घरात या. हे सांगायला कुणाची परवानगी लागत असेल तर ती ग्रामसभेत एकदाच घेऊन ठेवता येईल. आणि हे ऐकून फडातला मजूर किंवा मेंढरामागची पोर दारात आली, तर दार उघडे असले पाहिजे. शाळेची खोली असो, समाजमंदिर असो, मशिदीचे सहन ओलांडून आतली पक्की खोली असो किंवा आपली स्वतःची पडवीमागची खोली. कॅमेरा त्याच खोलीच्या खिडकीत लावता येतो. बाहेर तो आपले काम करत राहील, आणि आत जागा चार माणसांची जास्त ठेवावी.